वहीतल्या ओळी आणि घरातली माणसे



आज मी तुमच्याशी वह्यांविषयी बोलणार आहे. शहापूर-मुरबाडकडच्या कोणत्याही गावात जा, वह्यांना तोटा नाही. शाळेत हजेरीपट, अंगणवाडीत वजनांची वही, डेअरीत दुधाची, रेशनच्या दुकानात धान्याची, आणि तलाठ्याकडे तर दप्तरच्या दप्तर. यांतल्या पुष्कळ वह्या आता मोबाइलमध्ये शिरल्या आहेत. पण कागद गेला म्हणून वहीचा स्वभाव काही बदलला नाही. वहीत ओळी असतात. अमक्या दिवशी, अमक्या माणसाबाबत, अमुक एक गोष्ट घडली, की तिची एक ओळ पडते. आपल्याला प्रश्न पडतात ते मात्र ओळींविषयी पडत नाहीत, माणसांविषयी पडतात. हे पोर वाढते आहे की सुकते आहे? हा मुलगा शाळा सोडून जाणार तर नाही ना? या बाईच्या नावावर एकंदर जमीन किती? ओळी आणि माणसे यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते कसे तुटायचे, एवढाच आजचा विषय.

मुरबाडच्या बाजूने नाणेघाट चढून गेलेल्यांनी वरचा दगडी रांजण पाहिला असेल. घाटाने येणारे व्यापारी जकातीची नाणी त्यात टाकीत, असे सांगतात. आता विचार करा. दिवस मावळल्यावर रांजण मोकळा केला, तर आज एकूण किती नाणी जमली ते कळेल. पण कोणत्या व्यापाऱ्याने किती दिली, हे रांजण सांगू शकणार नाही. बेरीज राहिली, माणसे गेली. आपल्या वह्यांचेही पुष्कळदा असेच होते.

माझ्यावर गुदरलेला एक प्रसंग सांगतो. मी कॉलेजात गणित शिकवतो आणि थोडेफार संगणकाचे प्रोग्रामही लिहितो. मुरबाड तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका गावच्या अंगणवाडीताई एकदा माझ्याकडे आल्या. त्यांच्याकडे मुलांच्या वजनांची वही होती. दर महिन्याला एक पान, आणि पानावर पाड्यांच्या क्रमाने मुलांची वजने. त्या म्हणाल्या, “सर, पानं पलटून पलटून डोळे दुखतात. एका मुलाचं सगळं एका जागी दिसेल असं काही करून द्या ना.”

मागणी किती रास्त होती, ते पाहण्यासाठी नमुन्यादाखल तीनच मुले घेऊ. त्यांना नावे नकोत, क्रमांक पुरेत. जूनच्या पानावर ४ क्रमांकाचे मूल ९ किलो ४०० ग्रॅम, ७ क्रमांकाचे १० किलो १००, आणि ११ क्रमांकाचे ८ किलो ८००. जुलैच्या पानावर हीच वजने ९ किलो ५००, १० किलो आणि ८ किलो ७००. ऑगस्टमध्ये ९ किलो ७००, १० किलो २०० आणि ८ किलो ५००. आता पानाच्या तळाशी बेरीज मांडा. जूनची २८ किलो ३००, जुलैची २८ किलो २००, ऑगस्टची २८ किलो ४००. वाटते ना, की सगळे ठीक चालले आहे? जुलैत जरा घटले, ऑगस्टात भरून निघाले. पण ११ क्रमांकाचेच मूल वेगळे काढून पाहा. ८ किलो ८००, मग ८७००, मग ८५०० ग्रॅम. सलग दोन महिने घट. वाढत्या वयाच्या मुलाचे वजन एका महिन्यात घटले तर ताप असेल, जुलाब असतील. लागोपाठ दोन महिने घटले तर मात्र स्वस्थ बसून चालत नाही. ही गोष्ट पानापानाने वाचणाऱ्याला दिसत नाही. ओळी मुलाभोवती गोळा केल्या तरच ती दिसते.

मी ताईंना म्हटले, दोन दिवसांत करून देतो. आणि प्रोग्राम लिहायला बसलो तो जुन्या सवयीने. संगणकाच्या भाषेत ज्याला लूप म्हणतात, म्हणजे फेरा, तो घातला. त्याची रीत अशी. आधी सगळ्या ओळी क्रमांकाप्रमाणे लावून घ्यायच्या. मग पहिल्या ओळीपासून चालत सुटायचे. हातात एक पेंढी धरायची. पुढची ओळ त्याच मुलाची असेल तर पेंढीत घालायची. वेगळ्या मुलाची आली की हातातली पेंढी बांधून खळ्यावर टाकायची आणि नवी हाती धरायची. भात कापणाऱ्याला यात काहीच नवल वाटणार नाही. मलाही वाटले नाही. प्रोग्राम चालला, यादी छापून निघाली, आणि मी ती मोठ्या ऐटीत ताईंच्या हाती दिली.

त्यांनी यादीवरून बोट फिरवले आणि विचारले, “सर, अकरा नंबर कुठं गेला?”

मी पाहिले. यादीत ११ क्रमांक नव्हताच. मी गडबडलो. ताई म्हणाल्या, “अहो, तेच तर पोर सुकत चाललंय. मला माहीत आहे, म्हणून मी शोधत होते.”

चूक कुठे होती, ते तुमच्या ध्यानात आले असेल. नवे मूल आले की आधीची पेंढी बांधायची, असा माझा नियम. पण शेवटच्या मुलानंतर नवे मूल येणार कुठून? ओळी संपल्या, फेरा थांबला, आणि शेवटची पेंढी हातातल्या हातात राहिली. ती खळ्यावर पडलीच नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्यांत ही चूक फार जुनी आहे आणि जाणत्यांकडूनही होते. पण मला बोचले ते निराळेच. वहीत शेवटचा क्रमांक कोणाचा होता? गावापासून सर्वांत लांब असलेल्या कातकरी वाडीतल्या मुलाचा. ताई पाड्यांच्या क्रमाने वजने लिहीत, आणि वाडी शेवटी येई. म्हणजे माझी चूक यादीतल्या कोणावरही सारख्याच संभवाने पडणारी नव्हती. ती कडेला होत होती, आणि कडेला कोण बसलेले असते, हे आपल्या गावांत सांगावे लागत नाही.

ताईंना माझ्या यादीची गरज नव्हती. त्या मुलाला ओळखत होत्या. त्यांनी त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले, आणि ऑक्टोबरात वजन पुन्हा ८ किलो ८०० वर आले. पण उद्या हीच यादी मुलाला कधीही न पाहिलेल्या कोणा अधिकाऱ्याच्या टेबलावर गेली असती, तर “अकरा नंबर कुठं गेला” हे विचारणार कोण?

बरे, ही एक चूक दुरुस्त केली म्हणून भागत नाही. फेऱ्याच्या रीतीत आणखी दोन खाचखळगे आहेत. ओळी आधी क्रमांकाप्रमाणे लावल्या नाहीत, तर एकाच मुलाच्या तीन-तीन पेंढ्या होतात. आणि नवी पेंढी धरण्यापूर्वी हात रिकामा करायला विसरलो, तर एका मुलाची वजने दुसऱ्याच्या पदरात पडतात. तिन्ही चुकांचे मूळ एकच. हातातली पेंढी सारखी बदलत असते, आणि या क्षणी तिच्यात काय आहे, हे लिहिणाऱ्याने डोक्यात ठेवावे लागते. डोके माणसाचे आहे, ते विसरते.

याला दुसरी रीत आहे. तिला फंक्शनल प्रोग्रामिंग म्हणतात. नाव जड आहे, पण फंक्शन म्हणजे काय ते आपल्या घरातल्या जात्यावरून कळेल. वरून दाणे घाला, खालून पीठ येते. ज्वारी घातली की ज्वारीचेच पीठ, नाचणी घातली की नाचणीचेच. खरे जाते मागच्या दळणाचे चिमूटभर पीठ अडवून ठेवते. फंक्शन तेवढेही ठेवत नाही. त्याला मागचे काही आठवत नाही आणि दिलेल्या दाण्यांना ते धक्काही लावत नाही. मूळ ओळी जशाच्या तशा राहतात, आणि त्यांच्यापासून नवी वस्तू तयार होते.

या रीतीत मी संगणकाला पाऊल कसे टाक, हात कसा रिकामा कर, हे सांगत नाही. मला काय हवे ते सांगतो. एक, सगळ्या ओळी घे. दोन, ज्यांत वजनच लिहिलेले नाही त्या ओळी चाळून बाजूला कर. याला फिल्टर म्हणतात. तीन, मुलाच्या क्रमांकाप्रमाणे गट कर. चार, प्रत्येक गटापासून एक मूल तयार कर. गटागटाला असे एकच फंक्शन लावण्याला मॅप म्हणतात. झाले!

गट करण्याची क्रिया डोळ्यांसमोर आणायची तर पेंढी विसरा आणि भिंतीतले खण आठवा. टपाल कचेरीत गावोगावच्या पत्रांसाठी असतात, तसे खण. ओळ आली, तिच्यावरचा क्रमांक पाहिला, त्या खणात टाकली. खण नसेल तर नवा केला. हातात काही राहतच नाही, त्यामुळे शेवटी हातात राहून जाण्याचा प्रश्नच नाही. पहिल्या ओळीला जो नियम, तोच शेवटच्या ओळीला. ओळी उलटसुलट आल्या तरी बिघडत नाही. आणि एकही ओळ आली नाही, तर रिकामे कपाट हे उत्तर, तेही बरोबरच. रिकाम्या कपाटापासून आरंभ करायचा, एकेक ओळ घालून पुढचे कपाट मिळवायचे, आणि शेवटी जे कपाट मिळेल ते उत्तर, या क्रियेला रिड्यूस किंवा फोल्ड असे नाव आहे.

आता तुम्ही म्हणाल, संगणकाच्या पोटात कोठेतरी फेरा चालतच असणार. चालतोच. पण तो एकदा लिहिलेला, पुष्कळांनी तपासलेला असतो. प्रत्येक शिक्षकाने आणि कारकुनाने तो नव्याने लिहून नव्याने चुकायचे कारण उरत नाही. मात्र हत्याराचा स्वभाव माहीत करून घ्यावा. पायथन नावाच्या भाषेत गट करण्याची एक तयार सोय आहे, ती लागोपाठ आलेल्या ओळीच एकत्र बांधते. ओळी आधी लावून घेतल्या नाहीत, तर तिथेही एका मुलाच्या तीन पेंढ्या होतील.

आणि गटापासून मूल तयार करायचे, म्हणजे काय? गट म्हणजे अजून नुसत्या ओळीच. त्या तारखेप्रमाणे लावायच्या, आणि क्रमांक, पाडा, वजनांची माळ असे एका जागी बांधायचे. संगणकवाले याला ऑब्जेक्ट म्हणतात. ओळीला प्रश्न विचारता येत नाही. ऑब्जेक्टला विचारता येतो. “तुझे वजन सलग दोन महिने घटले आहे का?” असे विचारले, की ते आपल्याजवळची माळ पाहून हो किंवा नाही सांगते.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे शिकवायला संगणक लागत नाही. वर्गातल्या प्रत्येक मुलाला तीन-चार चिठ्ठ्या द्या. एकेका चिठ्ठीवर एकेका दिवसाची नोंद लिहायला सांगा: माझा पाडा कोणता, आणि त्या दिवशी शाळेत यायला किती मिनिटे लागली. चिठ्ठ्या पिसा. एका मुलाला पेंढीच्या रीतीने गट करायला लावा, दुसऱ्याला खणाच्या रीतीने. पुन्हा पिसा, पुन्हा करायला लावा. कोणाचे उत्तर बदलते, ते मुलांनाच सांगू द्या. मग चिठ्ठ्यांचे दोन वाटे करा, दोन मुलांना द्या, आणि शेवटी दोघांचे खण एकमेकांत मिळवा. उत्तर तेच येईल. हजारो संगणकांवर प्रचंड माहितीचे काम वाटून देण्याची जी रीत गूगलच्या डीन आणि घेमावत या दोघांनी २००४ मध्ये मांडली, तिचे बीज याच खेळात आहे. त्या रीतीचे नावच मॅपरिड्यूस असे आहे.

या विचाराला वयही बरेच झाले आहे. अलोन्झो चर्च या अमेरिकन गणितज्ञाने १९३०च्या दशकात फंक्शनांचे एक गणित उभे केले. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये लिस्प या भाषेचे काम सुरू केले, ते याच वळणाचे. आणि जॉन बॅकस यांची गोष्ट तर सांगण्यासारखी आहे. १९५७ मध्ये आलेली फोरट्रान ही भाषा त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली. एकेक पाऊल सांगण्याची, फेरे घालण्याची रीत तिने जगभर रुळवली. त्याच बॅकस यांनी १९७७ मध्ये ट्युरिंग पारितोषिक स्वीकारताना, एकेक शब्द इकडून तिकडे हलवीत बसण्याची ही रीत आपल्या विचारालाच बांधून ठेवते, असे सांगून फंक्शनांच्या रीतीचा पुरस्कार केला. आपणच घालून दिलेली वाट आपणच तपासायला मोठे मन लागते. पुढे २०१४ मध्ये जावासारख्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या भाषेतही ही सोय आली.

पण आपल्याला इतके दूर जायलाच नको. तलाठ्याचे दप्तर उघडा. गाव नमुना सहा म्हणजे फेरफारांची नोंदवही. खरेदी झाली, वारस लागला, वाटणी झाली, की तिथे एक ओळ पडते. फेरफार प्रमाणित झाला, की त्याचा अंमल गाव नमुना सातवर येतो. जुने नाव खोडून नाहीसे करीत नाहीत. त्याला कंस करतात आणि नवे नाव लिहितात. म्हणजे आजचा सातबारा हे काय आहे? पहिल्या नोंदीपासून एकेक फेरफार क्रमाने घालीत जाऊन शेवटी मिळालेले उत्तर. आणि गाव नमुना आठ-अ? सात हा जमिनीच्या गटाप्रमाणे असतो; आठ-अ मध्ये त्या गावातली एका खातेदाराची सगळी जमीन एका जागी येते. त्याच ओळी, पण माणसाभोवती गोळा केलेल्या. आपल्या आजोबांनी आठ-अ चा उतारा काढला, तेव्हा त्यांनी गट करण्याचीच क्रिया मागितली होती.

याच दप्तरातून एक सावधगिरीही शिकावी. गट कशावरून करायचा? एकाच नावाचे दोन खातेदार गावात असतात, आणि एकाच बाईचे नाव माहेरचे एक, सासरचे एक. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, घरात हाक मारायचे दुसरे. नावावरून गट केले, तर दोन माणसे एका खणात पडतील किंवा एक माणूस दोन खणांत विभागला जाईल. इथे कोणतीही रीत आपले रक्षण करीत नाही. क्रमांक कायम राहील अशी व्यवस्था हवी, आणि शंका आली तर माणसालाच विचारायला हवे.

आता शेवटची गोष्ट, आणि माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाची. नवा प्रोग्राम लिहून झाल्यावर मी निर्धास्त झालो होतो. फेब्रुवारीच्या आरंभी ताई पुन्हा आल्या. नोव्हेंबर ते जानेवारी या तीन महिन्यांच्या ओळी घातल्या. यादी अगदी स्वच्छ निघाली. एकाही मुलाचे वजन घटलेले नाही! मी खूश. ताई मात्र खूश दिसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “सर, वाडी दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेली. वजनं करायला पोरं होतीच कुठं?”

खरेच होते. वाडीतल्या मुलांच्या वजनाचे रकाने तिन्ही महिने रिकामे होते. रिकाम्या ओळी माझ्या चाळणीने बाहेर टाकल्या. ज्याची ओळच उरली नाही, त्याचा खण होत नाही. आणि खण नाही, तर मूलही तयार होत नाही. ११ क्रमांक पुन्हा नाहीसा झाला होता. या वेळी प्रोग्राम चुकला नव्हता. मी आरंभच चुकीच्या वहीपासून केला होता.

दुरुस्ती एका वाक्याची निघाली. वजनांच्या ओळींपासून सुरुवात करायची नाही; अंगणवाडीच्या पटावरच्या मुलांपासून करायची. पटावरच्या प्रत्येक मुलासाठी त्याचा खण शोधायचा. खण नसेल, तर मूल तयार करायचेच, पण वजनांची माळ रिकामी ठेवायची. आणि घट झाली का, या प्रश्नाला दोन नव्हे, तीन उत्तरे द्यायची: झाली, नाही झाली, आणि वजनच झाले नाही. हे तिसरे उत्तर पहिल्याइतक्याच ठळक अक्षरांत छापायचे.

तशी यादी काढली, तेव्हा ११ क्रमांक आणि वाडीतली बाकीची मुले तिसऱ्या रकान्यात आली. ताईंनी वाडीत मागे राहिलेल्या एका आजीकडून भट्टीचा ठावठिकाणा घेतला आणि त्या गावच्या अंगणवाडीला फोन केला. महिना संपायच्या आत तिथून निरोप आला. त्या मुलाचे वजन ९ किलो १०० ग्रॅम भरले होते. ताईंनी ते आपल्या वहीत लिहिले, आणि शेजारी कंसात भट्टीच्या गावाचे नाव घातले.

शिक्षक बंधूंनो, भगिनींनो, तुमच्या हजेरीपटातही अशी मुले असतात. महिन्याच्या अखेरीस हजेरीची टक्केवारी काढाल, तेव्हा हजर मुलांच्या ओळींपासून आरंभ करू नका. पटापासून करा. एका मुलाभोवती त्याच्या सगळ्या ओळी गोळा करा, आणि ज्याच्याभोवती एकही ओळ जमली नाही, त्याच्या घरी पहिल्याने जाऊन या. मग संगणक असो वा नसो, तुमचा हिशेब बरोबर येईल.